यार्डातली गाडी नेमकी कोणाची?

आंब्याचे पैसे हातात आले की, नाहीतर गणपतीच्या तोंडावर. कोकणात गाडी घरी येते ती या दोन वेळांना. चाकणच्या कारखान्यांचं काम मात्र बारमाही. कुंभार्ली नाहीतर आंबा घाट उतरून आलेला माल मधल्या पावसाळ्यात यार्डात भिजत उभा राहतो. पण साठा निव्वळ हंगामामुळे वाढतो असं धरलं, तर गेल्या आठ-दहा वर्षांतलं फारसं काही उलगडत नाही.

गुंता ‘विक्री’ या शब्दात आहे. कंपनीने डीलरच्या नावे बिल केलं की तिच्या हिशेबी गाडी विकली गेली. डीलर ती बहुधा बँकेच्या पैशावर उचलतो आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत व्याज भरतो. महिनाअखेरीला टार्गेटसाठी ढकललेली गाडी कंपनीच्या साठ्यातून उतरते. रस्त्यावर मात्र ती आलेलीच नसते.

२०१७ मध्ये असाच शब्दाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १ एप्रिलपासून बीएस-४ हे गाडीच्या धुराचं नवं, आधीच्या बीएस-३ पेक्षा कडक मानक लागू होणार होतं. नियम उत्पादनाला आहे, आधी बनलेल्या बीएस-३ गाड्या विकू द्या, असं कंपन्यांचं म्हणणं. पूर्वीच्या बदलांत तशी मुभा मिळालीही होती. २९ मार्चला न्यायालयाने विक्रीच थांबवली, कंपनीची आणि डीलरचीही. ३१ मार्चपर्यंत विकल्याचा पुरावा असेल तरच पासिंग. देशभर तेव्हा सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या शिल्लक होत्या, त्यातल्या ६ लाख ७१ हजार दुचाकी. दोन दिवसांत काही दुचाकींवर २२ हजारांपर्यंत सूट निघाली. हवेचा विचार करता निर्णय चूक म्हणवत नाही. तारीख कंपन्यांना आधीपासून ठाऊक होती. रात्री उशिरापर्यंत शटर उघडं ठेवायची वेळ आली ती डीलरवर.

त्यापुढच्या बीएस-६ मानकाच्या वेळी न्यायालयाने जवळपास दीड वर्ष आधी बजावलं होतं. तरी मार्च २०२० ची टाळेबंदी आडवी आली. उरलेल्या मालातला दहा टक्के विकण्याची दिलेली सवलतही जुलैत मागे घेतली गेली. २०२१ मध्ये चिप मिळेनात, साठा आटला आणि गिऱ्हाईक वेटिंगवर गेलं.

मग पुन्हा भरती. सप्टेंबर २०२४ अखेर डीलरांच्या संघटनेने ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीला पुरेल इतका साठा सांगितला: ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत ७९ हजार कोटी. उत्पादकांचा अंदाज बराच कमी होता. मोजणाऱ्यांची यार्डंच वेगळी, तर आकडे जुळणार कसे!

२०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली, चतुर्थी २७ ला होती, आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला. थांबलं तर छोटी गाडी स्वस्त पडणार, हे उघड होतं. दर उतरले तेव्हा गणपती गावाला गेले होते, पितृपक्षही सरला होता. नव्या दरांत गाड्यांवरचा सेस, म्हणजे जीएसटीवरचा जादा कर, राहिला नाही, त्यामुळे डीलरांनी जुन्या मालावर भरलेल्या सेसचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या सेसमधून वळती व्हायची रक्कम, खात्यातच अडकून पडलं.