‘अल्लाह’ हा शब्द संस्कृतातून गेलेला नाही

‘अल्लाह’ म्हणजे मूळ संस्कृत ‘अल्ला’, अर्थात माता, असा दावा नाशिकमध्ये पंचवटीच्या घाटापासून जुन्या नाशकापर्यंत मोबाईलवर फिरत असतो. त्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो टिकला आहे. संस्कृतात ‘अल्ला’ म्हणजे आई हा शब्द खरोखरच आहे. हाक मारताना आई या अर्थाच्या शब्दांचा शेवटचा स्वर ऱ्हस्व होतो, असे सांगणाऱ्या पाणिनीच्या ‘अम्बार्थनद्योर्ह्रस्वः’ या व्याकरणसूत्राच्या उदाहरणांत ‘हे अम्ब’, ‘हे अक्क’ यांच्या शेजारी ‘हे अल्ल’ येते. परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

अरबीत ‘इलाह’ म्हणजे देव, कोणताही देव, आणि ‘अल्’ हे निश्चितता दाखवणारे उपपद. बहुतेक अभ्यासकांच्या मते ‘अल्-इलाह’मधला ‘इ’ गळून ‘अल्लाह’ झाले. ‘ला इलाह इल्लल्लाह’ या कलम्यात दोन्ही रूपे शेजारी आहेत: त्या एका देवाखेरीज दुसरा देव नाही. ‘इलाह’चे अनेकवचन ‘आलिहा’ होते, ‘अल्लाह’चे होत नाही, आणि हा शब्द व्याकरणात पुल्लिंगी चालतो, ही गोष्ट ‘माता’वाले सोयीने विसरतात. खरे सोयरे अरबी ज्यात मोडते त्या सेमिटिक भाषाकुळातच सापडतात: हिब्रूतील ‘एलोह’, आरामाईकातील ‘अलाहा’.

हा शब्द केवळ मुसलमानांचा आहे, हा समजही चुकीचाच. अरबी बायबलात देवाला ‘अल्लाह’च म्हणतात, आणि दहाव्या शतकातील ज्यू विद्वान सादिया गाओन यांनीही ‘तोरा’ या ज्यू धर्मग्रंथाच्या अरबी अनुवादात हाच शब्द वापरला.