हानलेच्या फोटोतला तो उजेड: एअरग्लो की अरोरा?

लडाखमधल्या हानलेचे रात्रीचे फोटो हल्ली वरचेवर नजरेस पडतात. मांडणी बहुतेक ठरलेली असते. खाली माउंट सरस्वतीचा उघडाबोडका डोंगर, माथ्यावर दोन मीटरच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीचा घुमट, वर आकाशगंगा आणि क्षितिजालगत हिरवट लाटा. कॅप्शनही ठरलेलं: 'लडाखमध्ये अरोरा!'

तो अरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात दिसणारा प्रकाश, नसतो; एअरग्लो, म्हणजे वरच्या हवेची स्वतःची रोजची मंद चमक, असतो. हानलेहून अरोराच्या जातीचा प्रकाश टिपला गेलाय, अगदी खरं आहे. पण तो लाल होता, उत्तरेला होता आणि सूर्याने मोठा दणका दिलेल्या मोजक्याच रात्री होता.

गोंधळ होण्यात नवल नाही, कारण दोन्हींमध्ये चमकतो तो मुख्यतः ऑक्सिजनचा सुटा अणूच. त्याचा हिरवा प्रकाश ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि लाल ६३० नॅनोमीटरचा, मग तो नॉर्वेवरचा अरोरा असो की हानलेवरचा एअरग्लो. त्यामुळे नुसता रंग पाहून निवाडा करता येत नाही. फरक आहे तो अणूला ऊर्जा कोण पुरवतं यात.

एअरग्लोची ऊर्जा दिवसा साठवलेली असते. सूर्याची अतिनील किरणं वरच्या हवेतल्या ऑक्सिजनचे रेणू फोडतात; रात्री ते सुटे अणू पुन्हा जोडले जातात आणि उरलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. हा हिरवा थर जमिनीपासून साधारण ९५ किलोमीटरवर असतो. अंतराळ स्थानकातून काढलेल्या फोटोंत पृथ्वीच्या कडेला जी बारीक हिरवी रेघ दिसते, ती हीच. एअरग्लो रोज रात्री असतो आणि सगळीकडे असतो, पुण्यावर आणि नागपुरावरही. आपल्याकडे तो शहरांच्या उजेडात बुडून जातो, एवढंच. हानलेचा परिसर २०२२ च्या डिसेंबरात 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे रात्रीचा अंधार जपण्याचं क्षेत्र, म्हणून अधिसूचित झाला. तिथे ४,५०० मीटर उंचीवरच्या कोरड्या, विरळ हवेत त्याला झाकायला काहीच नसतं.

अरोरा मात्र रोजचा नाही. त्यासाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वेगाने खाली येणारे इलेक्ट्रॉन लागतात. ते चुंबकीय बलरेषांच्या वाटेने उतरतात, म्हणून अरोराचं कडं चुंबकीय ध्रुवांभोवती असतं. सूर्यावरून फेकलेला मोठा लोट येऊन धडकला की ते कडं विषुववृत्ताच्या बाजूला सरकतं. तरी हानले फार दूर राहतं: भौगोलिक अक्षांश जवळपास ३३ अंश आणि चुंबकीय ध्रुवांच्या हिशोबाने मोजलेला चुंबकीय अक्षांश तर त्याहूनही कमी.

आता जरा भूमिती, कारण खरा उलगडा इथेच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे १०० किलोमीटर उंचीवरचा प्रकाश फार तर ११०० किलोमीटर अंतरावरून दिसतो. त्यापुढे तो क्षितिजाखाली जातो. ३०० किलोमीटर उंचीवरचा प्रकाश मात्र सुमारे १९०० किलोमीटरवरूनही दिसू शकतो. अरोराचा हिरवा भाग खाली, १०० किलोमीटरच्या आसपास सुरू होतो. लाल भाग २०० च्या वर असतो, कारण लाल प्रकाश सोडायला त्या अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढा वेळ तो टक्कर न होता राहूच शकत नाही. हिरव्याला सेकंदभरही लागत नाही. म्हणजे कडं कझाकस्तानच्या आसपास उतरलं, तर हानलेहून त्याचा फक्त लाल माथा दिसणार, तोही उत्तरेच्या डोंगररांगेला टेकलेला. हिरवा भाग पृथ्वीच्या वळणाआड. १८७२ च्या फेब्रुवारीत खुद्द मुंबईहून अरोरा दिसल्याची नोंद आहे. तसलं भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याच्या लोटाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडालेली खळबळ, पुन्हा आलं तर हा हिशोब अर्थातच मोडेल. पण त्या रात्री तुम्हाला माझ्या लेखाची गरज पडणार नाही.

फोटो समोर असेल तर आधी दिशा पाहा. हिरवा उजेड दक्षिणेला, आकाशगंगेच्या गाभ्यामागे दिसतोय? मग प्रश्नच मिटला. एअरग्लो चारी दिशांना असतो आणि क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांवर सर्वांत उठून दिसतो, कारण तिरकं पाहताना नजर त्या थरातून जास्त अंतर कापते. डोक्यावर तोच थर पातळ पडतो. पॅनोरमा जोडला की हे झटकन कळतं: सगळ्या क्षितिजाभोवती फिकट हिरवा पट्टा.

दुसरी खूण पोताची. एअरग्लोत एकाआड एक उजळ-काळपट पट्टे दिसतात, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उमटलेल्या वळ्यांसारखे. खालच्या गडगडाटी ढगांतून किंवा हिमालयाच्या माथ्यांवर आपटणाऱ्या वाऱ्यातून उठलेल्या लहरी ९० किलोमीटरपर्यंत चढतात आणि त्या थराला हेलकावे देतात. ट्रायपॉड न हलवता दहा मिनिटांच्या अंतराने दोन फोटो काढा आणि मागच्या स्क्रीनवर आलटून पालटून पाहा. तारे पश्चिमेकडे किंचित सरकलेले असतील, पण पट्टे स्वतःच्या चालीने, वेगळ्याच दिशेला गेलेले असतील. ताऱ्यांबरोबर फिरत नाही म्हणजे ती तेजोमेघाची धूसरता नाही, आणि जागचं हलतं म्हणजे गावाच्या दिव्यांचा उजेडही नाही.

डोळ्यांना यातलं फारसं दिसत नाही. अंधाराला सरावलेल्या नजरेला कधी करडी धूसरता जाणवते, लोक त्याला पातळ ढग समजतात. हिरवा रंग कॅमेऱ्याचा. एफ २.८ ची लेन्स, आयएसओ ३२०० ते ६४००, पंधरा-वीस सेकंद: एवढ्यात तो येतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, ४००० केल्व्हिनच्या आसपास बांधून ठेवा, नाहीतर प्रत्येक फ्रेमला रंग बदलतो आणि तुलना करण्यात अर्थ राहत नाही. एडिटिंगमध्ये 'डीहेझ' आणि सॅच्युरेशन ताणलं की याच फिक्या हिरव्याचा 'लडाखचा अरोरा' होतो. मला याची चीड येते, कारण एअरग्लोचे ते पट्टे नीट टिपणं हीच मुळात मिरवण्यासारखी गोष्ट आहे.

लालची गोष्ट अवघड. एअरग्लोलाही लाल थर आहे, साधारण २५० किलोमीटरवर, आणि त्याचा अभ्यास तर आपल्या कोल्हापुरातून झालाय: सगळं आकाश एका फ्रेममध्ये घेणाऱ्या कॅमेऱ्याने या लाल उजेडातले काळे, उत्तर-दक्षिण पट्टे पूर्वेकडे सरकताना टिपले जातात. ते आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातले, प्लाझ्मा बुडबुडे: विद्युतभारित कण विरळ झालेल्या जागा. हानलेलाही शांत रात्री फोटोत लालसर छटा येऊ शकते. पण ती पसरट असते, एकाच दिशेला बांधलेली नसते.

२०२४ च्या १० आणि ११ मेच्या रात्रीचं लाल वेगळं होतं. वीस वर्षांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ चालू होतं, आणि हानलेच्या कॅमेऱ्यांत उत्तर क्षितिजावर लाल पट्टा उमटला. शास्त्रज्ञांनी त्याला 'स्थिर लाल कमान' म्हटलं. काटेकोर बोलायचं तर हा अरोराचा चुलतभाऊ: इथे इलेक्ट्रॉन वरून कोसळत नाहीत, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतभारित कणांच्या वलयप्रवाहाची उष्णता ४०० किलोमीटरच्या आसपासचा ऑक्सिजन चेतवते. म्हणून तो नाचत नाही, पडद्यासारखा झुलत नाही, तासन् तास तसाच राहतो. अरोरा म्हणून खपवलात तर मी भांडणार नाही, एअरग्लो म्हणालात तर भांडेन.

लालबद्दल शंका उरली तर तारीख तपासा. भूचुंबकीय खळबळ मोजणारा केपी निर्देशांक ० ते ९ असतो, ५ पासून वादळ धरतात. हानलेहून लाल दिसायला निदान ७ तरी हवा. त्याचे तक्ते जागतिक वेळेत असतात, आपल्या साडेपाच तास मागे. ११ मेच्या पहाटे दोनला काढलेला फोटो तिथे १० मेच्या रांगेत, रात्री साडेआठच्या वेळेला शोधावा लागतो.