वातानुकूलन कंट्रोलर : प्रवेश आणि नेटवर्क जोडणी

कार्यालये, रुग्णालये, मॉल अशा मोठ्या इमारतींत चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), पंप, कूलिंग टॉवर आणि मजल्यामजल्यावरचे एएचयू (हवा थंड करून डक्टमधून पुढे ढकलणारी यंत्रे) चालू-बंद करणारा, तापमान पाहून व्हॉल्व्ह व डॅम्पर (हवेची झडप) हलवणारा छोटा संगणक म्हणजे वातानुकूलन कंट्रोलर. त्याला नेटवर्कवरचा पत्ता देणे, बीएमएसशी (इमारतीची सगळी यंत्रे एका पडद्यावर दाखवणाऱ्या व चालवणाऱ्या प्रणालीशी) व इतर कंट्रोलरांशी त्याचा संपर्क जोडून देणे आणि त्यात कोणी किती ढवळाढवळ करू शकेल हे ठरवणे, ही तीन कामे येथे अभिप्रेत आहेत. यंत्रे चांगली असूनही इमारत नीट थंड होत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा याच तीन कामांत सापडतो.

नवी मुंबईत हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, ऐरोली, घणसोली, महापे, रबाळे या भागांत, कारखान्यांच्या शेजारी आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहिली. आयटी पार्कात काम सहसा दोन वाट्यांत होते. चिलर, पंप आणि कूलिंग टॉवर ही ‘हाय साइड’ मालकाची. मजल्यावरील डक्ट, व्हीएव्ही (खोलीत जाणारी हवा कमी-जास्त करणारी पेटी) आणि अनेकदा एएचयूही, म्हणजे ‘लो साइड’, भाडेकरूची. दोन्हींचे कंत्राटदार वेगळे, कंट्रोलरही वेगळ्या कंपन्यांचे, आणि शेवटी सगळे एकाच बीएमएसवर दिसायला हवेत. पत्त्यांची वाटणी आधी ठरलेली नसेल तर भांडण इथूनच सुरू होते.

संपर्काच्या दोन पद्धती सर्वाधिक रुळल्या आहेत. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने कारखान्यांसाठी आणली. ती सोपी आहे, पण तिच्यात फक्त रजिस्टरचे, म्हणजे क्रमांक दिलेल्या स्मृतिकप्प्यांतले, आकडे येतात. एखाद्या रजिस्टरमध्ये पाण्याचे तापमान आहे की व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचा) वेग, हे उत्पादकाचा तक्ता हाती असल्याशिवाय कळत नाही. चिलर, व्हीएफडी आणि वीज मीटर बहुधा मॉडबसवर असतात. बॅकनेट हे अमेरिकेतील अ‍ॅशरे या संस्थेचे मानक क्रमांक १३५. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक बनले. त्यात प्रत्येक पॉइंटला (मोजमापाला किंवा आज्ञेला) नाव, एकक आणि सद्यस्थिती असते, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांना समजून घेऊ शकतात.

मजल्यावरचे कंट्रोलर बहुधा आरएस-४८५ केबलने जोडलेले असतात. केबल एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे अशी सलग न्यायची, मध्येच फाटे काढायचे नाहीत. शिल्ड (केबलमधले धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची आणि लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा. पुरवठा बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर धरला की सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक रेझिस्टर राहिला आहे. ४० च्या आसपास दिसले तर कोणीतरी मधल्या कंट्रोलरवर तिसरा चालू ठेवला आहे. दोन मिनिटांची ही तपासणी केली तर पुढे दिवसच्या दिवस वाचतात. खाडीकाठच्या दमट हवेत गच्चीवरच्या पॅनेलमधील टर्मिनलच्या तांब्यावर हिरवट थर चढतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती साफ करून घट्ट आवळावीत.

आरएस-४८५ केबलवर चालणाऱ्या एमएस/टीपी प्रकारच्या बॅकनेट लाइनवर मास्टर (स्वतःहून संदेश पाठवू शकणाऱ्या) कंट्रोलरचा पत्ता ० ते १२७ च्या दरम्यान असतो आणि तो अनेक कंट्रोलरांवर डिप स्विचने, म्हणजे ओळीतल्या छोट्या खटक्यांनी, ठरतो. स्विचांची किंमत १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढते. पत्ता २१ हवा असेल तर पहिला, तिसरा आणि पाचवा स्विच वर. बदलानंतर बऱ्याच कंट्रोलरांचा पुरवठा बंद-चालू करावा लागतो, नाहीतर जुनाच पत्ता चालू राहतो. लाइनवरील सर्वांचा बॉड रेट (संदेश पाठवण्याचा वेग) एकच हवा. याशिवाय प्रत्येक उपकरणाला ० ते ४१,९४,३०२ मधील एक डिव्हाइस क्रमांक द्यावा लागतो आणि तो संपूर्ण जोडणीत एकमेव असावा लागतो. दुसरी इमारत, सातवा मजला, एकविसावा कंट्रोलर यासाठी २०७०२१, अशी पद्धत मालकाने निविदेतच लिहून द्यावी.

पुढे ही लाइन राउटरमार्फत इमारतीच्या आयपी नेटवर्कला मिळते. बॅकनेट आयपी यूडीपीचे ४७८०८ क्रमांकाचे पोर्ट वापरते. उपकरणे एकमेकांना शोधतात ती ब्रॉडकास्टने, म्हणजे सर्वांना एकदम पाठवलेल्या संदेशाने, आणि ब्रॉडकास्ट सबनेट (नेटवर्कचा एक भाग) ओलांडत नाही. म्हणून प्रत्येक सबनेटवर हे संदेश दुसऱ्या सबनेटकडे पोहोचवणारा एक बीबीएमडी लागतो. एकाच सबनेटवर दोन ठेवले की तेच संदेश पुन्हा पुन्हा फिरू लागतात.

प्रवेशाचा प्रश्न सर्वात गंभीर आहे. मूळ बॅकनेटमध्ये ओळख तपासण्याची सोय व्यवहारात वापरलीच जात नाही. नेटवर्कवर पोहोचलेला कोणीही पंप बंद करण्याची आज्ञा पाठवू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर आत शिरले होते ते एका वातानुकूलन कंत्राटदाराच्या लॉगिनमधून. म्हणून बीएमएसचे व्हीलॅन (त्याच तारांवरचे स्वतंत्र नेटवर्क) वेगळे ठेवावे, राउटरवर पोर्ट उघडे सोडू नये, बाहेरून यायचे तर व्हीपीएन या सुरक्षित मार्गानेच यावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. ऑपरेटर, इंजिनीअर आणि एएमसीवाले (वार्षिक देखभालीचे कंत्राटदार) यांची खाती नावानिशी वेगळी असावीत. पाळीतील सगळ्यांनी एकच ‘अ‍ॅडमिन’ वापरला तर रात्री सेट पॉइंट (ठरवून दिलेले तापमान) कोणी बदलला हे कधीच कळत नाही. टीएलएस या कूटबद्ध जोडणीवर चालणारे, ओळख तपासणारे बॅकनेट एससी नव्या कामांत मागायला हवे.

आज्ञांना १६ प्राधान्य पातळ्या असतात. १ सर्वात वरची. ऑपरेटरची मॅन्युअल आज्ञा ८ व्या पातळीवर बसते आणि वेळापत्रकाची त्याखाली. तक्रार आली म्हणून एएचयू मॅन्युअलवर टाकला आणि ती आज्ञा मागे घेतली नाही, तर वेळापत्रक कितीही ‘बंद’ म्हणो, पंखा रात्रभर फिरतो. आग लागल्यावर एएचयू बंद करण्याचा संकेत मात्र नेटवर्कवर सोपवू नये. तो फायर पॅनेलमधून थेट वायरने यावा.

हस्तांतरणाच्या वेळी मालकाने पत्त्यांचा तक्ता, लाइनचा नकाशा, सर्वोच्च पातळीचे पासवर्ड आणि प्रत्येक कंट्रोलरच्या प्रोग्रामची प्रत ताब्यात घ्यावी. पासवर्ड कंत्राटदाराकडेच राहिले तर एएमसी बदलण्याचे स्वातंत्र्य राहत नाही. घेतलेली प्रत खरोखर चालते का, हे एका सुट्या कंट्रोलरवर चढवून त्याच दिवशी पाहावे. अंतिम बिल त्यानंतर मंजूर करावे.