एपिनेफ्रिन: मांडीतल्या सुईपासून नाकातल्या स्प्रेपर्यंत

अ‍ॅड्रेनलिन, म्हणजेच एपिनेफ्रिन, शुद्ध रूपात हाती आलं १९०१ ला, अ‍ॅनाफिलॅक्सिसला (ज्यावर ते देतात तो अ‍ॅलर्जीचा जीवघेणा झटका) नाव मिळालं १९०२ ला, तो भाग आता फार जुना झाला. आज ज्यावरून भांडणं होतात ते सुरू होतं पेनपासून, म्हणजे डोस आधीच भरलेल्या, मांडीवर दाबलं की टोचणाऱ्या इंजेक्शनपासून. १९७० च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी स्प्रिंगवाला इंजेक्टर बनला, नर्व्ह गॅसवरचा उतारा सैनिकाने स्वतःच मांडीत टोचून घ्यावा म्हणून, मग त्याच धर्तीवर एपिनेफ्रिनचा पेन आला आणि १९८७ ला त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. मोठ्यांना ०.३ मिलिग्रॅम, लहानांना ०.१५. दोन पेनचा पॅक साधारण शंभर डॉलरवरून २०१६ पर्यंत सहाशेवर गेला, तो तमाशा सगळ्यांना माहीतच आहे.

खरी गोची झाली स्प्रेची. सुईच्या भीतीने लोक डोस द्यायला उशीर करतात, म्हणून नाकातून द्यायचा २ मिलिग्रॅमचा स्प्रे आला. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्याच (एफडीएच्या) तज्ज्ञ समितीने बहुमताने होकार दिला (मोठ्यांसाठी १६ विरुद्ध ६), आणि सप्टेंबरमध्ये नियामकाने तरीही फाईल परत पाठवली. वाद असा होता की प्रत्यक्ष अ‍ॅनाफिलॅक्सिस झालेल्या पेशंटवर हा स्प्रे तपासलाच नव्हता, असा झटका न आलेल्या लोकांच्या रक्तात औषध किती चढतं आणि नाडी-बीपी किती वाढतं एवढंच इंजेक्शनशी ताडून पाहिलं होतं. पण मरायला टेकलेल्या माणसावर प्रयोग करणार कोण? आणि खरं सांगायचं तर इंजेक्शनची तरी अशी परीक्षा कुठे झालीय! सुई मांडीच्या स्नायूतच का मारायची, याचा मोठा आधारसुद्धा रक्तातली पातळीच आहे: १९९८ च्या एका अभ्यासात मुलांना स्नायूत दिल्यावर साधारण ८ मिनिटांत औषध शिखराला पोचलं, कातडीखाली दिल्यावर ३४ लागली. अर्थात इंजेक्शनच्या पाठीशी कित्येक दशकांचा वापर आहे, स्प्रेच्या नव्हता, हेही धरायला हवं.

तरी फाईल परत पाठवताना नियामकाने काढलेला मुद्दा मला पटतो. अ‍ॅलर्जीत नाक सुजतं, वाहतं. तशा नाकातून औषध सुरुवातीला उलट पटकन चढत होतं पण पातळी लवकर उतरत होती, मग दुसरा डोस द्यावा लागला तर काय होईल हे तपासून या असं सांगितलं गेलं. कंपनीने ते केलं आणि ऑगस्ट २०२४ ला ३० किलो आणि त्याहून जास्त वजनाच्यांसाठी मंजुरी आली, मार्च २०२५ ला १ मिलिग्रॅमचा, १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी. समितीच्या होकारानंतर सव्वा वर्ष गेलं, ज्यांची पोरं सुई बघून पळतात त्या आईबापांना ते जास्तच वाटलं असणार.

आपल्याकडे हा वाद अजून लांबचाच आहे कारण इथे पेनच दुकानात सहज मिळत नाही, ज्यांना परवडतं ते परदेशातून मागवतात, बाकी सगळा भार दवाखान्यातल्या १ मिलिग्रॅमच्या अ‍ॅम्प्युलवर, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीवर. औषध स्वस्त आहे, पण ते फोडून, सिरिंजमध्ये मापून भरून टोचायला हात सरावलेला लागतो आणि घाबरलेल्या घरच्यांना ते जमत नाही. त्यातल्या त्यात मोठा बदल म्हणजे लस दिल्यावर अ‍ॅनाफिलॅक्सिसचा संशय आला तर एएनएम ताईंनाही (गावोगावी लस देणाऱ्या परिचारिका) मांडीत एक डोस देऊन मग पेशंटला पुढे पाठवायची मुभा मिळाली, डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही.