कव्हर बँड आणि फर्माईश

कव्हर बँडकडील फर्माईश : दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या बँडकडे कार्यक्रम रंगात असताना श्रोत्याने केलेली ठरावीक गाण्याची मागणी, आणि ती पुरवण्याची, पुढे ढकलण्याची किंवा नाकारण्याची बँडची रीत. या नोंदीत मुख्यतः क्लासिक रॉकमधल्या अतोनात वाजलेल्या गाण्यांचा विचार केला आहे. वादकांना ही गाणी नकोशी होतात आणि श्रोते तीच मागतात. त्यामुळे कव्हर बँडच्या कामाचा कस सर्वांत जास्त इथेच लागतो.

अशा गाण्यांची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच निघते. ‘ब्राउन आइड गर्ल’ (१९६७), ‘स्वीट कॅरोलाइन’ (१९६९), ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१), ‘स्मोक ऑन द वॉटर’ (१९७२), ‘फ्री बर्ड’ (१९७३), ‘स्वीट होम अलाबामा’ (१९७४), ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ (१९७६) आणि ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’ (१९८१) ही त्यातली नेहमीची नावे. ती घराघरांत पोहोचण्यात रेडिओचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील एफएम केंद्रांनी १९८०च्या दशकात क्लासिक रॉक हा कार्यक्रमांचा साचा रूढ केला आणि मोजकी गाणी वर्षानुवर्षे आलटून पालटून वाजवली. पण नुसत्या रेडिओमुळे गाणे टिकत नाही. यांपैकी बहुतेकांत गर्दीने एका सुरात ओरडून म्हणायची हक्काची जागा आहे, किंवा पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येणारा रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी धून) आहे.

आठवड्याला दोन कार्यक्रम करणारा बँड एखादे गाणे वर्षात शंभर वेळा वाजवतो. समोरच्या माणसाने ते त्या वर्षात प्रत्यक्ष एकदाच ऐकलेले असते. फर्माइशीबद्दलचा प्रत्येक निर्णय हा फरक ध्यानात ठेवून घ्यावा लागतो. वादकाचा कंटाळा खराच असतो, पण त्यासाठी त्या एका श्रोत्याला जबाबदार धरता येत नाही.

‘फ्री बर्ड’ची आरोळी

लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकी बँडच्या पहिल्या अल्बममधले हे गाणे नऊ मिनिटांचे आहे. १९७६ मध्ये अटलांटाच्या फॉक्स थिएटरात ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या लाइव्ह अल्बमवर गायक श्रोत्यांना कोणते गाणे ऐकायचे आहे असे विचारतो आणि सगळे थिएटर या गाण्याचे नाव घेऊन उठते. पुढे हीच आरोळी कुठल्याही बँडच्या, कुठल्याही प्रकारच्या संगीताच्या मैफलीत थट्टा म्हणून दिली जाऊ लागली. त्यामुळे कव्हर बँडला आधी खरी फर्माईश आणि थट्टा वेगळी करावी लागते. थट्टेची आरोळी मागच्या रांगेतून, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत येते, तिच्यापाठोपाठ हसू येते आणि ती सहसा पुन्हा येत नाही. खरी फर्माईश करणारा माणूस मध्यंतरात स्टेजजवळ येतो, कुणाचा वाढदिवस आहे ते सांगतो, चिठ्ठी देतो. आरोळीला हसून मान डोलवणे पुरते. चिठ्ठीला मात्र उत्तर द्यायलाच हवे.

पूर्वतयारी

रात्रीचा नेहमीचा कार्यक्रम ४५ मिनिटांच्या तीन सेटचा असतो. एका सेटमध्ये ११-१२ गाणी बसतात, म्हणजे एकूण ३३ ते ३६. याशिवाय १०-१५ गाणी राखीव ठेवली की बहुतेक फर्माइशी भागतात, कारण लोक त्याच त्याच गोष्टी मागतात. राखीव यादीचे दोन भाग करावेत : तालमीत नीट बसवलेली गाणी, आणि गायकाला शब्द पाठ असून बाकीच्यांना तीन-चार कॉर्डवर (एकत्र वाजवलेल्या सुरांच्या जुळणीवर) निभावता येतील अशी गाणी. यांबाहेरच्या मागणीला नाही म्हणायचे, हे स्टेजवर चढण्यापूर्वीच ठरलेले असावे.

होकार देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे हवा. गिटारवादकाने एका बाजूला हो म्हणावे आणि गायकाने माइकवर नाही म्हणावे, असे घडले की श्रोता दुखावतो आणि बँडमध्येही धुसफूस होते. सहसा हे काम गायकाकडे असते. पण गाण्यांच्या मध्ये गायकाला बोलायचे असते, म्हणून स्टेजच्या कडेला उभा राहणारा बेसवादक (खालच्या सुरांची गिटार वाजवणारा) चिठ्ठ्या घेतो आणि त्या गायकाच्या पायाशी ठेवतो, ही पद्धत अधिक सोयीची पडते.

गाणे कोणते यापेक्षा ते कुठे बसते हे जास्त महत्त्वाचे आहे. ‘ब्राउन आइड गर्ल’ नाचणाऱ्या गर्दीत केव्हाही घेता येते. ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये ड्रम चार मिनिटे उलटल्यावर येतात, तोवर नाचणारे जागेवर जाऊन बसलेले असतात आणि मग उठत नाहीत. म्हणून हे गाणे घ्यायचेच तर पहिल्या सेटमध्ये, लोक बसून ऐकत असताना घ्यावे. तिसऱ्या सेटमध्ये ते घेतले तर पुढची तीन गाणी नुसती गर्दी परत जमवण्यात जातात.

गाणी आटोपशीर करणे

लांब गाणे नाकारण्यापेक्षा त्याची छोटी आवृत्ती तयार ठेवणे केव्हाही बरे. ‘फ्री बर्ड’ पाच मिनिटांत असे बसते : ऑर्गन आणि स्लाइड गिटारची सुरुवात निम्मी, दोन कडवी, आणि तिथून थेट जी, बी फ्लॅट, सी या तीन कॉर्डचा वेगवान भाग. त्यावर ३२ मात्राखंडांचा (एक खंड चार मात्रांचा) सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे वादन, आणि ठरलेला शेवट. यात बिघडते ते जवळजवळ नेहमी एकाच जागी. संथ भागातून वेगवान भागात जाताना उत्साहाच्या भरात ड्रमर हवा त्याहून जास्त वेग पकडतो, आणि मिनिटभरात त्याचे व बेसवादकाचे हात भरून येतात. वेगवान भागाची लय ड्रमरच्या कानात मेट्रोनोमने (ठरलेल्या लयीत ठोके देणाऱ्या यंत्राने) आधी दिलेली असावी. दुसरी अडचण सोलोच्या लांबीची. शेवटाआधी चार मात्राखंड बँडप्रमुखाने मूठ वर केली की सगळ्यांना कळते. ही खूण ठरलेली नसेल तर सोलो संपतच नाही. तिसरी अडचण गिटारची. मूळ ध्वनिमुद्रणात सोलोला गिटारचे दोन थर आहेत. बँडमध्ये एकच गिटार असेल तर सोलो सुरू होताच खालचे कॉर्ड गायब होतात आणि सगळे पोकळ वाटते. तेव्हा कीबोर्डवादकाने भरगच्च कॉर्ड धरावेत. कीबोर्डही नसेल, तर हे गाणे घेऊ नये.

‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’चा प्रश्न उलटा आहे. चार मिनिटे दहा सेकंदांच्या या गाण्यात शीर्षकाची ओळ असलेले ध्रुवपद तीन मिनिटे उलटल्यावरच येते, आणि लोक त्याचीच वाट बघत असतात. म्हणून कात्री लावायची तर मधल्या भागाला लावावी, शेवटाला नाही. मूळ ध्वनिमुद्रण हळूहळू विरत संपते. प्रत्यक्ष वादनात विरता येत नाही, तेव्हा शेवट बँडला स्वतः रचावा लागतो. बहुतेक जण शीर्षकाच्या ओळीवरच एकदम थांबतात, आणि तो थांबा परिणामकारक होतो. ध्रुवपद पुरुष आवाजाला फार उंच आहे. ई मेजर या मूळ पट्टीऐवजी एक सूर खालच्या डी मेजरमध्ये गायले तर गायक वाचतो, पण चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा सूर ई असल्याने खालचा डी मिळत नाही आणि गाण्याचा पाया पातळ होतो. पाच तारांचा बेस वापरणे, किंवा खालची तार डीपर्यंत उतरवणे, हे उपाय.

अनेक बँड सगळ्याच गिटारी अर्धा सूर उतरवून ठेवतात. बोटांच्या जागा त्याच राहतात, गायकाला आराम मिळतो, आणि ई मेजरची गाणी ई फ्लॅटमध्ये आल्याने सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्यांचीही सोय होते. कीबोर्डवर मात्र ट्रान्सपोजचे (पट्टी बदलण्याचे) बटण उणे एकवर न्यावे लागते. एखादे गाणे मूळ पट्टीत वाजवायचे असताना ते बटण तसेच राहिले, तर पहिल्याच कॉर्डला सगळा बँड बेसूर वाटतो. यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहून ठेवणे एवढाच यावर खात्रीचा उपाय आहे.

‘स्वीट होम अलाबामा’ सोपे समजले जाते. डी, सी, जी हे तीन कॉर्ड फिरत राहतात, पण मुक्काम डीवर की जीवर यावर वादकांचे एकमत नसते. सोलो वाजवणारा एक घर मानतो आणि बेसवादक दुसरे. पट्टीच्या नावावरून वाद घालण्याचे कारण नाही, शेवटचा कॉर्ड कोणता ते तालमीत ठरले म्हणजे झाले. याच कॉर्डवर ‘वेअरवुल्व्ह्ज ऑफ लंडन’ (१९७८) चालते, आणि २००८ चे ‘ऑल समर लाँग’ तर या दोन्ही गाण्यांच्या मिश्रणावरच उभे आहे. तिन्ही जोडली की सहा मिनिटांत तीन फर्माइशी निकालात निघतात आणि नाच थांबत नाही.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) मागितले की बँडला घाम फुटतो. पण मधला ऑपेराचा भाग हे गाणे ज्यांचे त्या क्वीन बँडनेही स्टेजवर प्रत्यक्ष गायला नाही, तो ध्वनिफितीवरून वाजवला जाई. १९८५ च्या लाइव्ह एड या मैफलीत त्यांनी सुरुवातीचा संथ भाग गाऊन थेट पुढचे गाणे धरले. कव्हर बँडनेही तेवढाच भाग सुरेख गावा, कुणाची तक्रार येत नाही. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटच्या जोडगिटारीतली एक ओळ कीबोर्डने उचलली तरी चालते.

बसवलेले नसलेले गाणे घ्यायचे ठरले तर पट्टी बोटांनी सांगतात : दोन बोटे वर म्हणजे दोन शार्प (चढवलेले सूर), अर्थात डी मेजर, दोन बोटे खाली म्हणजे दोन फ्लॅट (उतरवलेले सूर), अर्थात बी फ्लॅट. कॉर्ड नॅशव्हिल पद्धतीने आकड्यांत सांगतात, पट्टीचा मूळ कॉर्ड एक आणि त्यापासून पुढे मोजणी. एक-चार-पाचवर चालणाऱ्या गाण्यापलीकडे हा खेळ खेळू नये.

नकार

नकार देताना काय जमेल ते आधी सांगावे. ‘फ्री बर्ड’ जमणार नसेल तर त्याच अल्बममधले ‘गिम्मी थ्री स्टेप्स’ द्यावे : छोटे, नाचायला सोयीचे. ‘स्टेअरवे’ऐवजी त्याच अल्बमवरचे ‘रॉक अँड रोल’ चालते. मात्र त्यातली ड्रमची सुरुवात पहिल्या मात्रेवर होत नाही, त्यामुळे गिटारवादक हमखास चुकीच्या जागी शिरतो. ड्रमरने आत मोजून देण्याची सवय लावावी.

माइकवरून मागणाऱ्याची खिल्ली उडवू नये. दहा सेकंद रिफ वाजवून थांबणेही वाईट, कारण तेवढ्यात लोक उठून पुढे आलेले असतात. ‘पुढच्या सेटमध्ये घेतो’ हे खरेच घ्यायचे असेल तरच म्हणावे; तो माणूस त्या शब्दावर तासभर थांबतो. दारूच्या नशेत हट्टाला पेटलेल्याशी माइकवर वाद घालू नये, पुढचे गाणे लगेच सुरू करावे. त्याच्या हाती माइक तर मुळीच देऊ नये. तो माणूस वाकला की माइक मॉनिटरच्या (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या) तोंडाशी जातो आणि कर्णकर्कश फीडबॅक सुटतो.

लग्नसमारंभात यजमानाची यादी अंतिम असते, आणि ‘ही गाणी नकोत’ अशी दुसरी यादी आधीच मागून घ्यावी. पाहुणा कितीही आग्रही असला तरी त्या दुसऱ्या यादीतले गाणे वाजवायचे नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल शहराच्या लोअर ब्रॉडवे रस्त्यावरील बारमध्ये वादकांची कमाई मोठ्या प्रमाणात टिपवर चालते, म्हणून तिथे पैशासह आलेली फर्माईश रांगेत पुढे जाते. पैसे घेतले की गाणे त्याच सेटमध्ये वाजवावे, नाहीतर पैसे परत करावेत. सार्वजनिक वादनाचा परवाना बहुधा जागेच्या मालकाकडे असतो. अमेरिकेत तो अॅस्कॅप (१९१४) किंवा बीएमआय (१९३९) यांसारख्या संस्थांकडून घेतला जातो.

कंटाळ्यावर उपाय

कंटाळलेला बँड ओळखू येतो तो लयीवरून. शंभरदा वाजवलेले गाणे नकळत वेगाने वाजू लागते. ‘स्वीट होम अलाबामा’ मिनिटाला ९८ ठोक्यांच्या आसपास आहे. ११०वर गेले की गायकाला शब्द कोंबावे लागतात आणि रिफचा झोका जातो. दर काही आठवड्यांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून लय मोजली की हे लगेच कळते. गाणे दुसऱ्या गायकाकडे देणे, सोलो वेगळ्या वाद्याला देणे, काही महिने विश्रांती देणे, हे सगळे करता येते. चाल बदलून रेगे किंवा ब्लूज करायचे असेल तर रिफ आणि गर्दीने गायची जागा अबाधित ठेवावी. पहिल्या काही सेकंदांत गाणे ओळखू आले नाही, तर आपली फर्माईश पुरवली गेली हेच मागणाऱ्याला कळत नाही.

शेवटच्या सेटनंतर आलेल्या फर्माइशीसाठी एक खात्रीचे गाणे हातचे राखून ठेवावे आणि तोवर यादीतून वगळावे. आवाज बंद करण्याची ठरलेली वेळ उलटली असेल तर तेही वाजवू नये. परवानगी जागेच्या मालकाची असते, दंडही त्यालाच होतो, आणि पुढचे बोलावणेही त्याच्याकडूनच यायचे असते.