मॉडेल-डेटाची ऑनलाइन देवाणघेवाण

संगणकीय मॉडेलमधून निघालेले आकडे इतर संशोधकांना शोधता, उतरवून घेता आणि पुन्हा वापरता यावेत यासाठीची संकेतस्थळे, फाइल-प्रकार आणि नोंदीचे संकेत.

या बाबतीत हवामानशास्त्र बरेच पुढे आहे. १९९५ साली सुरू झालेल्या सीएमआयपी या हवामान-मॉडेलांच्या तुलनेच्या प्रकल्पात देशोदेशींची मॉडेल एकाच आखणीनुसार चालवली जातात. सहाव्या फेरीत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे मॉडेलही होते. हा पेटाबाइटांचा (एक पेटाबाइट म्हणजे सुमारे दहा लाख जीबी) पसारा ईएसजीएफ या जाळ्यातली अनेक केंद्रे मिळून सांभाळतात.

विश्वामित्री नदीच्या पुरावर काम करणाऱ्या बडोद्याच्या विद्यार्थ्याला अख्ख्या पृथ्वीचा पाऊस नको असतो. मोठ्या फाइलचा हवा तेवढाच भाग उतरवू देणाऱ्या ओपनडॅपच्या सोयीने तो २२.३ अंश उत्तर, ७३.२ अंश पूर्व याभोवतीचा तुकडा तेवढा मागवतो. फाइल उघडावी तर पावसाचा आकडा ०.०००१! यात चूक काही नाही. एकक आहे दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किलोग्रॅम. चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस; म्हणून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणले की दिवसाचे ८.६४ मिलिमीटर होतात. नेटसीडीएफ या प्रकारच्या फाइलमध्ये हे एकक आकड्यांसोबतच लिहिलेले असते, वाचण्याची तसदी मात्र घ्यावी लागते. तारखांचेही तसेच. काही मॉडेलचे वर्ष ३६० दिवसांचे आणि प्रत्येक महिना ३० दिवसांचा, त्यामुळे तिथे ३० फेब्रुवारीही सापडतो. शिवाय शंभर किलोमीटरच्या एका चौकटीत बडोदे, आजवा आणि पावागड एकत्र बसू शकतात; पाणी कोणत्या पुलाशी चढेल हे अशा डेटावरून कळत नाही.

बडोदेकरांना यातले मर्म चटकन पटावे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, आणि पेट्यांत भरलेली पुस्तके गावोगाव फिरू लागली. पेटीत काय आहे हे लिहिलेले नसेल तर पेटी पोचूनही उपयोग बेताचाच. डेटाच्या अशा यादीला मेटाडेटा म्हणतात. सर्वांत जास्त हयगय होते ती इथेच. डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा असे सांगणाऱ्या, २०१६ मध्ये मांडलेल्या ‘फेअर’ तत्त्वांचा बराचसा भर याच यादीवर आहे.

लहान गटांसाठी झेनोडो सोयीचे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संशोधन केंद्रात २०१३ पासून चालणाऱ्या या भांडारात ५० जीबीपर्यंतचा संच फुकट ठेवता येतो आणि त्याला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो. संच सुधारला की नव्या आवृत्तीला वेगळा क्रमांक मिळतो, जुनीही जागच्या जागी राहते. त्यामुळे निष्कर्ष कोणत्या आकड्यांवरून काढले हे पाच वर्षांनीही तपासता येते.