खुळखुळ्यावरचा ठिपकेदार पतंग

पावसाळा सरत आला की वाशीम-यवतमाळकडच्या पडीक रानात, जिथे कुसळीच्या गवतात खुळखुळ्याची झुडपे वाढलेली असतात, तिथे चालताना पायाजवळून एक लहानसा पांढरट पतंग उडतो आणि चार हातांवर जाऊन पुन्हा गवताच्या काडीवर बसतो. तो भरदिवसा उडत असल्यामुळे अनेक जण त्याला फुलपाखरू समजतात. परंतु बसल्यावर तो पंख अंगालगत गुंडाळून घेतो आणि त्याच्या शृंगिकांच्या (डोक्यावरच्या मिशांच्या) टोकांना फुलपाखरासारखी गाठ नसते.

पुढच्या पांढऱ्या पंखांवर लाल व काळे ठिपके, मागच्या पंखांच्या कडेला वेडीवाकडी काळी किनार आणि पंखविस्तार साधारण तीन ते चार सेंटीमीटर, एवढे जुळले की तो ‘युटेथिसा’ या प्रजातीतला समजावा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेली ‘पुल्केला’ आणि तिच्यासारखीच दिसणारी ‘लोट्रिक्स’ या दोन्ही जाती भारतात आढळतात, आणि त्यांतील फरक खात्रीने ठरवण्यासाठी जननांगे तपासावी लागतात. त्यामुळे केवळ छायाचित्रावरून जातीचे नाव ठामपणे लिहिणे मला योग्य वाटत नाही.

या पतंगाची खरी ओळख त्याच्या खाद्यवनस्पतींतून होते. खुळखुळा, ताग आणि भुरुंडी या वनस्पतींत पायरोलिझिडीन गटातील विषारी अल्कलॉइड असतात. काळपट अंगावर पांढरे पट्टे आणि तांबडे ठिपके असलेली केसाळ अळी ती पाने व शेंगांतील कोवळे बी खाते, विष शरीरात साठवते आणि कोशावस्थेतून जाऊनही ते प्रौढ पतंगात टिकते. पंखांवरचे ठळक रंग म्हणजे भक्षकांना दिलेली उघड सूचना होय.

अमेरिकेतील ‘ऑर्नाट्रिक्स’ या सख्ख्या जातीवर कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन तर थक्क करणारे आहे. जाळ्यात अडकलेला असा विषधारी पतंग कोळी स्वतःच धागे कापून सोडून देतो. नर याच विषापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतो आणि मीलनावेळी शुक्राणूंसोबत विषाचा वाटाही तिला देतो. त्यामुळे अंडीसुद्धा सुरक्षित राहतात.

हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग फुलोऱ्याच्या सुमारास गाडला जातो, म्हणून तिथे या अळीची फारशी काळजी करावी लागत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या तागाच्या शेंगा मात्र अधूनमधून तपासाव्यात, कारण शेंगेला पडलेले गोल भोक हे बहुधा आतल्या बियांवर अळी पोहोचल्याचे चिन्ह असते.